कलाकार : बायका

लगीनसराई आली की आमच्या नात्यागोत्यात माझा भाव वधारतो. ‘शुभामावशीकडे गाणी आहेत’ अशी एक अफवा रोह्यापासून पनवेलपर्यंत पसरलेली आहे, आणि ती खरी असल्यामुळे मला ती नाकारताही येत नाही. हळदीची, घाण्याची, मांडवाची, नवऱ्याची थट्टा करायची, सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये आहेत आणि नीट लावलेली आहेत. मला पसारा बघवत नाही. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या, कपाटात साड्या रंगाप्रमाणे आणि गाणी गाणाऱ्यांच्या नावाप्रमाणे. यावरून घरचे मला काय काय बोलतात ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

यंदा भाचीचं लग्न आहे. हळदीला काय वाजवायचं याचा खल गच्चीवर चालला होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सुकट वाळत घातली होती, तिचा वास वर येत होता. भाचीने कुठूनसं एक जुनं गाणं फोनवर मिळवलं होतं. ते लावून तिने फोन माझ्यापुढे धरला. “मावशी, हे मस्त आहे ना? पण कोण म्हणतंय कळत नाही. बघ ना, ‘अनोळखी कलाकार’ लिहिलंय.”

मी ऐकलं. चार-पाच बायका, मागे बांगड्या, एक पोर रडतंय, आणि सगळ्यांच्या वर एक खणखणीत आवाज. मला एकदम राग आला. अनोळखी म्हणजे काय? कुणाला अनोळखी? त्या बाईच्या पोराबाळांना ती अनोळखी होती का? भाची माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, मावशीला गाणं आवडलं नाही.

असा राग मला पूर्वी येत नसे. तो मला एका लगीनसराईने शिकवला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझी बी.ए.ची परीक्षा झाली होती आणि निकालाला अवकाश होता. पेणला बाजारात माझ्या मामाचं कॅसेटचं दुकान होतं. गाणी सांगावीत, मामाने ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यावीत, असा तो धंदा. मामाने आईला निरोप धाडला, “घरी बसून माशा मारण्यापेक्षा पोरीला दुकानात पाठव. कॉम्प्युटर घेतलाय, पण मला तो बधत नाही.” मी रोह्याच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले होते. म्हणजे कॉम्प्युटर चालू करणं आणि पुन्हा नीट बंद करणं मला येत होतं. तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरले.

सकाळी रोह्याहून पॅसेंजर निघायची. निडी गेलं की खिडकीतून धुराचा वास यायला लागे. शेतात राब भाजायचे दिवस ते. पाचोळा, शेणी, गवत पसरून जमीन भाजलेली, काळे चौकोन दूरपर्यंत. नागोठणे, कासू, आणि मग पेण. स्टेशनातून बाजाराकडे चालत जाताना दोन्ही बाजूंना खाटांवर पापड वाळत असायचे आणि त्यांच्या राखणीला एखादी म्हातारी काठी घेऊन बसलेली. पुढे गणपतीचे कारखाने. रंग न लागलेले पांढरे गणपती ओळीने बसलेले, आणि हवेत त्यांचीच पांढरी धूळ. त्या धुळीशी मामाचं हाडवैर होतं. कॉम्प्युटरवर त्याने मामीच्या जुन्या साडीचं आवरण शिवून घातलं होतं, आणि ते काढायचा मान फक्त मला होता.

काम वाटलं तितकं सोपं निघालं नाही. टेप डेकमधून वायर कॉम्प्युटरला जोडायची, कॅसेट वाजू द्यायची, गाणं आत गेलं की त्याला नाव द्यायचं. प्रत्येक गाण्यामागे रकाने. गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार. देवनागरी लिहायची सोय नव्हती, सगळं इंग्रजी अक्षरांत. एकदा रकाने भरले की बटण दाबायचं आणि कॉम्प्युटर सगळं ओळीने लावून दाखवायचा. मला त्या बटणाचं वेड लागलं. शंभर गोष्टी क्षणात रांगेत उभ्या राहतात, यापेक्षा सुंदर दृश्य मी तोवर पाहिलं नव्हतं.

फक्त आमची माणसं रांगेत उभी राहायला तयार नव्हती. सगळे पंडित एका ठिकाणी जमले आणि सगळे उस्ताद दुसऱ्या ठिकाणी, कारण कॉम्प्युटर पहिलं अक्षर बघायचा. ‘सौ.’ लावणाऱ्या बायकांचा एक वेगळाच महिला मेळावा भरला. इंग्रजी वाद्यवृंदांच्या नावाआधीचा ‘द’ बाजूला ठेवायची अक्कल त्या यंत्राला होती, पण आपला पंडित बाजूला कसा ठेवायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एक गायिका तर लग्नाआधी ‘कु.’ होती, नंतर आडनाव बदलून ‘सौ.’ झाली. कॉम्प्युटरने तिच्या दोन बायका केल्या. मी दिवसभर खपून तिला पुन्हा एक केली, तेव्हा मामा म्हणाला, “गिऱ्हाइकाला गाणं पाहिजे गो, गाणारणीची कुंडली नको.”

“पण मामा, उद्या कुणी तिचीच सगळी गाणी मागितली तर?”

“तर मी देईन. मला माहीत हायत कुठं हायत ती.”

मामाला खरंच माहीत असायचं. पण मामाच्या डोक्यात काय आहे ते मामा गावाला गेला की दुकानात नसायचं. हे मी त्याला सांगितलं, त्यावर त्याने चहा मागवला. मामाचं ते उत्तर असायचं.

लगीनसराई रंगात आली तशा वेगळ्या कॅसेटी यायला लागल्या. घरच्या. पेणच्या खाडीपट्ट्यात लग्नाच्या वेळी धवले गातात. मांडव घालण्यापासून पोर सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीला त्याचा धवला असतो, आणि तो म्हणायला धवलारीण लागते. ती गाते, बाकीच्या बायका मागून उचलतात. भटजी आला तरी तिच्यावाचून मांडव हलत नाही. ज्यांच्याकडे टेप होता त्यांनी आपल्या पोरींच्या लग्नातले धवले भरून ठेवले होते. खाडीच्या दमट हवेने त्या फितींना बुरशी चढायची. मामा त्या हलक्या हाताने पुसायचा, मी गाणी कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आणि मग तो ती नव्या कॅसेटवर उतरवून द्यायचा.

मी रकाने उघडून विचारायची, “नाव काय लिहू?”

“आमचे पुष्पाचा लगीन.”

“अल्बम झाला. कलाकार कोण? गातंय कोण?”

“बायका.”

दर वेळी हेच. मांडवात कोण कोण होतं ते धडाधड सांगायचे, जेवायला काय होतं ते सांगायचे, कोणता काका कशावरून रुसला तेही. कोण गातंय म्हटलं की, “बायका गो, दुसरं कोन गानार?” मग मीही तेच लिहायला लागले. प्रकाराच्या रकान्यात कॉम्प्युटरने आपल्याच मनाने जाझ, ब्लूज, पोल्का असं काहीबाही पुढे केलं होतं, त्यातलं एकही आमच्या कामाचं नव्हतं. तो कोरा ठेवला. पुष्पाचं लग्न, कलाकार बायका. ज्योतीचं लग्न, कलाकार बायका. महिनाभरात मामाच्या दुकानातली सर्वांत जास्त गाणी नावावर असलेली कलाकार ‘बायका’ झाली. मोठमोठे पंडित तिच्या खूप मागे पडले, आणि मला याची गंमत वाटायची.

मग एके दिवशी दुपारी सुरेखा आली. उन्हातून आल्यामुळे तोंड लाल, हातात पिशवी, पिशवीत वाटेत घेतलेली भाजी. वडखळच्या अलीकडे खाडीला लागून त्यांचं गाव. नवरा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे, शिफ्टमध्ये. सासरा मिठागरावर. तिने दाराशीच चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच विचारलं, “आमचे आयची गानी हायत काय तुमच्याकडं?”

“आय म्हणजे?”

“माजी सासू. यमुनाबाय. धवलारीण.”

मामाने मान वर केली. “यमुनाबाईची सून व्हय तू? बस, बस. कशी हाय ती आता?”

यमुनाबाईचं नाव त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय थोडा सुधारला, पण वाचा गेली ती गेलीच. आणि तिच्या धाकट्या पोरीचं, मनीषाचं लग्न ठरलं होतं. ज्या बाईने गावोगावच्या पोरी गाऊन सासरी धाडल्या, तिच्या स्वतःच्या पोरीचा मांडव मुका राहणार होता. हे सांगताना सुरेखा रडली नाही. ती पिशवीतली मेथी उगाच नीट करत होती.

“गावातले बोलतात, दुसरीकरची धवलारीण बोलवा. पन आय मान हालवते, नाय म्हनते. मी म्हनेन, असा तिला वाटतंय.”

“मग म्हण की.”

“मना येत नाय ना सगला! मी मागनं उचलायची. म्होरनं कवा म्हनला नाय. अर्दा येतंय, अर्दा नाय.”

“कॅसेट वाजवा मग सरळ,” मी शहाणपणाने म्हटलं.

मामा आणि सुरेखा दोघंही हसले. धवल्यात नावं असतात. नवरीचं, नवऱ्याचं, दोन्ही गावांचं, मामाचं, करवलीचं. प्रत्येक लग्नात धवलारीण त्या घरची नावं त्यात ओवते. शेजारच्या गावात मागच्या वर्षी एकांनी हौसेने दुसऱ्या लग्नाची कॅसेट हळदीला लावली. टेप मोठ्या आवाजात ‘पुष्पाबाईला हळद लागली’ म्हणायला लागला, आणि पाटावर बसली होती भलतीच नवरी. नवऱ्याकडची एक म्हातारी उठून उभी राहिली. “ही पुष्पा कोन? आमाला तर दुसराच नाव सांगला होता!” तिची समजूत घालता घालता हळद वाळून गेली म्हणे.

तेव्हा गाणं सुरेखालाच म्हणावं लागणार होतं, आणि शिकवणारी बोलू शकत नव्हती. राहता राहिली आमची कॅसेट. मला अंगात बळ आलं. माझा कॉम्प्युटर, माझे रकाने, माझं लाडकं बटण, हे सगळं याच क्षणासाठी तर होतं. मी ऐटीत नाव टाइप केलं. यमुनाबाई.

काही नाही. एकही गाणं नाही.

दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघितलं. तरी नाही. सुरेखा पडद्याकडे बघत होती, तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. “नाय का गो?” ती म्हणाली.

“पुष्पाचा लगीन लाव,” मामा म्हणाला.

लावलं. पहिली ओळ सुरू झाली आणि सुरेखाने पदर तोंडाला लावला. “आय,” ती म्हणाली. मग ज्योतीचं लावलं. आय. तिसऱ्या लग्नात दुसरी कुणी होती. “ही जिते गावची हाय, हिचा आवाज नाकातनं येतंय.” चौथ्यात पुन्हा आय, आणि तिच्या मागे एक कोवळा आवाज. “ही मी,” सुरेखा हळूच म्हणाली. “नवीन लगीन जाला होता माजा.”

यमुनाबाई आमच्याकडे होती, भरपूर होती. फक्त प्रत्येक घराने तिला आपल्या पोरीच्या नावाखाली ठेवली होती. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. ज्या घरात लग्न, त्या घराची गाणी, असाच सगळ्यांचा हिशेब. धवलारणीने कधी म्हटलं नाही की हे माझं. तिला विचारलं असतं तर तीही ‘बायकांचं’ म्हणाली असती. पण सून शिकायला बसली तेव्हा कळलं की ‘बायका’ नावाच्या बाईकडून काही शिकता येत नाही. शिकायला एक बाई लागते, तिची चाल, तिची श्वास घ्यायची जागा लागते.

मग सुरू झालं आमचं काम. सुरेखा एक दिवसाआड यायची, घरचं आवरून, वडखळहून टमटममध्ये बसून. मी लग्नामागून लग्न लावायची, ती डोळे मिटून ऐकायची आणि नाव सांगायची. यमुनाबाई. जित्याची सीताबाई. ही कोण ठाऊक नाही, पण थांब, विचारून येते. पुढच्या खेपेला ती विचारून यायची. ‘बायका’ रोज थोडी थोडी कमी होत होती आणि तिच्या जागी बायका येत होत्या. मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. निकाल कधी लागणार याची मी चौकशीसुद्धा करेनाशी झाले. मामा सुरुवातीला कुरकुरला. मग बघितलं तर दुकानाबाहेर दिवसभर कोकलणारा स्पीकर त्याने बंद केला होता. कुणी विचारलं की म्हणायचा, “बिघडलाय.” वरच्या मजल्यावरच्या पापडवाल्या काकू जिन्यात येऊन बसायला लागल्या. त्यांचं म्हणणं, त्या पापडाला ऊन लागतंय का ते बघायला येतात. जिन्यात ऊन येत नसे.

आता यमुनाबाईची सगळी गाणी एका रांगेत लागली. मग ती विधीप्रमाणे लावली. मांडव, उंबराची फांदी, घाणा, हळद, नवऱ्याची आंघोळ, लग्न लागताना. एका लग्नात फीत संपल्यामुळे जे तुटलं ते दुसऱ्या लग्नात पुरं सापडायचं. एका घरी लाइट गेली होती, तिथलं तिसऱ्या घरातून आलं. तुटलेल्या बांगडीचे तुकडे जुळवावेत तसं लग्न पुरं होत आलं.

आणि शेवटी अडलं. पोर सासरी जायला निघते, त्या वेळचा धवला कुठेच नव्हता. पुष्पाच्या लग्नात नाही, ज्योतीच्या नाही, कुणाच्याच नाही. प्रत्येक कॅसेट त्याच्या अलीकडे खट् असा आवाज करून थांबायची. मी चिडून मामाला विचारलं, “सगळ्यांच्या फिती एकाच ठिकाणी कशा संपतात?”

“संपत नाहीत. बंद करतात,” मामा म्हणाला. “पोर निघाली की सगळे रडतात. रडणं कोणी टेप करतं का?”

सुरेखालाही आठवेना. “त्या येली मीबी रडायची ना,” ती म्हणाली. “शबुद कोनाला आयकू येतंय? चालबी नाय ध्यानात.” मी म्हटलं, तेवढं सोडून दे, बाकी सगळं तर आहे. तिने मान हलवली. त्यांच्यात तो धवला झाल्याशिवाय पोर मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही. आणि यमुनाबाईला बाकी सगळ्यांपेक्षा तोच हवा असणार, हे सांगायला वाचा लागत नव्हती.

जेवढं जुळलं तेवढं मामाने एका नव्या कॅसेटवर उतरवलं, आणि ती पोचवायला मी त्यांच्या घरी गेले. पेणहून वडखळच्या रस्त्याने जाताना उजेड डोळ्यांत जायचा, कारण दोन्हीकडे मिठाचे वाफे आणि बांधावर पांढऱ्या राशी. घरापुढे मांडवाचे खांब उभे राहिले होते. यमुनाबाई ओटीवर खाटेवर बसलेली, लहानखुरी बाई, एक हात मांडीवर पडलेला. सुरेखाने टेप लावला. तिचाच आवाज, भरलेला, मोकळा, ओटीवरून अंगणात गेला. यमुनाबाईने ऐकलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं. गेलेला आवाज माणसापुढे नेऊन ठेवणं हे चांगलं काम आहे की वाईट, मला अजूनही ठरवता येत नाही.

पण सुरेखा उठली नाही. टेपबरोबर हळूहळू म्हणायला लागली. एका जागी चुकली. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या बाईचा चांगला हात खाटेच्या लाकडावर आपटला. सुरेखाने पुन्हा म्हटलं. पुन्हा हात आपटला. तिसऱ्यांदा नाही आपटला. त्यानंतर रोज असंच चालायचं म्हणे. शेवटच्या धवल्याचं मात्र विचारलं की यमुनाबाई नुसती बघत राहायची. ओठ हलायचे, त्यातून काही यायचं नाही, आणि मग डोळे भरायचे. सुरेखाने विचारणंच सोडलं.

आता कधी कधी लायब्ररीत नवीन पुस्तकांना क्रमांक लावताना माझ्या मनात येतं (मी पुढे कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला लागले, दुसरं काय होणार होतं माझं), की नाव लावायची एवढी हौस कशाला? गाणं नावाशिवायही गातातच की. आमच्या आज्या-पणज्या नावाशिवायच गायल्या, आणि काही अडलं नाही. मग सुरेखा आठवते, पडद्याकडे बघून ‘नाय का गो’ म्हणणारी. नाव हे मोठेपणासाठी नसतं. मागून येणाऱ्याला घर सापडावं म्हणून दारावर पाटी लावतो, तेवढंच ते असतं. माझ्या लायब्ररीत पोरं पुस्तक हातात घेऊन लेखकाचं नाव न बघताच घेऊन जातात. मी त्यांना थांबवून नाव वाचायला लावते. त्यांना मी खडूस वाटते, आणि असेनही.

मनीषाच्या लग्नाला मी आणि मामा मामीसकट गेलो. मामाने दुकानातला चांगला टेप आणि नवी कॅसेट माझ्या हातात दिली. “नीट भर,” एवढंच म्हणाला. हळद मी चुकवली होती, पण पापडवाल्या काकू गेल्या होत्या, त्यांनी जिन्यात बसून सगळं सांगितलं होतं. सुरेखाचा पहिला धवला चाचरत झाला. आवाज घोगरा, सासूसारखा मोकळा नाही. दोन म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं. मग नवऱ्याच्या मामाचं नाव घ्यायची वेळ आली आणि हिने त्याला असा काही चिमटा काढला की मांडव हसून लोळला. त्यानंतर कुणी नाक मुरडलं नाही.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मांडवावर नारळाचे झाप, त्यांच्या फटींतून उजेडाचे ठिपके बायकांच्या पाठींवर हलत होते. यमुनाबाईला नवी साडी नेसवून खुर्चीवर बसवलं होतं. सुरेखा गात होती, बायका उचलत होत्या, आणि माझ्या मनात ते सगळे रकाने एकामागून एक उलगडत होते. हे पुष्पाच्या लग्नातलं, हे ज्योतीच्या. पण नावं मनीषाची, मनीषाच्या नवऱ्याची, त्याच्या गावाची. टेपमधलं गाणं पुन्हा माणसाच्या तोंडी गेलं होतं.

मग जायची वेळ झाली. टेम्पो अंगणात येऊन उभा राहिला. मनीषा मांडवाच्या कडेला येऊन थांबली, पायापुढे शेवटचा खांब. गलबला हळूहळू थांबला. सगळ्या बायका सुरेखाकडे बघायला लागल्या. सुरेखाचं तोंड पांढरं पडलं होतं. तिच्याकडे पुढे काही नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडेही काही नव्हतं.

नवऱ्याकडचा एकजण म्हणाला, “चला, चला, ऊन होतंय.” मनीषा हलली नाही. ती आईकडे बघत होती.

तेव्हा खुर्चीतून आवाज आला. आधी मला कळलंच नाही तो कुणाचा. शब्द नव्हते त्यात. नुसता सूर, थोडा फाटका, वर जाऊन थांबला, खाली आला, पुन्हा वर गेला. यमुनाबाई गात होती. महिनोन्‌महिने जिच्या तोंडून ‘पाणी’ एवढा शब्द निघाला नव्हता, त्या बाईला चाल पुरी येत होती, कुठेही न अडखळता. पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं की असं होतं, बोलणं जातं आणि सूर राहतो. होत असेल. मांडवात डॉक्टर नव्हता.

सुरेखाने एक फेरा ऐकला. दुसऱ्या फेऱ्याला ती सासूच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसली, तिचा लुळा हात हातात घेतला, आणि त्या चालीत आपले शब्द घालायला लागली. कुठून आणले तिने, कोण जाणे.

खाडीचे पान्याला भरती आली,
मनीषा बाय माजी निंगाली,
आयचे तोंडचा शबुद घेवन,
बाय माजी निंगाली.

बायकांनी उचललं. रडत रडतच उचललं. नाक मुरडणाऱ्या दोन्ही म्हाताऱ्या सर्वांत पुढे होत्या. यमुनाबाईचा सूर खाली चालला होता आणि त्याच्यावर सुरेखाचा घोगरा आवाज. मनीषाने खांबाला हात लावला आणि पाऊल बाहेर टाकलं.

माझ्या शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती. तिने माझ्या मांडीवरच्या टेपकडे बोट दाखवलं. “बंद कर गो आता. पोर निंगाली.”

“राहू दे, काकी,” मी म्हटलं. मलाही नीट दिसत नव्हतं. “हेच भरायचंय.”